शेरा : मांडीवर घेतले

चौगुल्यांच्या घरावर पहिला दगड पडला तेव्हा सुतारबाई अंगणवाडीच्या ओट्यावर मटकी निवडत बसली होती. तिला वाटलं, माकडं आली असतील कौलांवर. दुसरा दगड पडला, काच फुटली आणि पूनम चौगुलेची किंकाळी ऐकू आली, तशी सूप तिथंच टाकून ती धावली. चौपन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण धावली.

चौगुल्यांच्या दारात शंभरेक माणसं जमली होती. कोण होती म्हणून काय विचारता? सगळी तळसांगीचीच. त्यातली निम्मी लहानपणी सुतारबाईच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. मध्ये दिगंबर चौगुले पडला होता. दिगंबर म्हणजे गावचं दूध गोळा करून डेअरीला पोचवणारा माणूस, उभ्या जन्मात कुणाला अरे म्हणाला नसेल. त्याच्याच दुधाच्या कॅनने दोघंजण त्याला बडवत होते. कॅन डोक्यात बसला की दणका व्हायचा आणि मागची माणसं ओरडायची, "पोरगी भायेर काढ!"

पोरगी म्हणजे दिगंबर-पूनमची रेवा. वय वर्षे सहा. पूनमने तिला पोटाशी धरलं होतं आणि चार बाया पूनमच्या झिंज्या उपटत होत्या.

"अरे मुडद्यांनो, लाज वाटत नाही!" सुतारबाई गर्दीत घुसली. कुणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत बसलं. तिने दाद दिली नाही. पूनमच्या हातातून तिने रेवाला ओढलं आणि आपल्या पद्धतीने धरलं.

या धरण्याबद्दल आधी सांगायला हवं. सुतारबाईची पकड साऱ्या तालुक्यात नावाजलेली होती. लस टोचायची असली की पोराला मांडीवर घ्यायचं, त्याचे पाय आपल्या दोन्ही पायांत अडकवायचे आणि दोन्ही मनगटं एका हातात गच्च धरून छातीशी दाबायची. बत्तीस वर्षांत तिच्या मांडीवरून एकही पोर निसटलं नव्हतं. नर्सबाया म्हणायच्या, सुतारबाई असली की सुई वाकत नाही. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तर तसं तिने रेवाला धरलं आणि अंगणवाडीकडे पळत सुटली. आणि रेवा पिसाळली. तिने बाईच्या दंडाला कडकडून चावा घेतला, डोकं मागे नेलं आणि बाईच्या नाकावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. नाकातून रक्ताची धार लागली. मागून लोक ओरडले, "बघा, बघा! टोपीनं सांगितलं तेच खरं!" आणि सुतारबाईलाही, त्या क्षणी, खरंच वाटलं. वाटलं, यंत्र चुकत नाही. या पोरीच्या आत काहीतरी आहे.

अंगणवाडीत शिरून तिने दार लावलं आणि नाक धरायला पोरीचे हात सोडले. रेवा जागच्या जागी थांबली. तिने बाईकडे पाहिलं, आपल्या फाटक्या फ्रॉकचं टोक उचललं आणि बाईचं नाक पुसायला लागली.

"दुखलं का, बाई?" तिने विचारलं.

बाईला रडू कोसळलं. पण त्यामागचं कारण तिच्या लक्षात आलं नाही. तेव्हा तरी नाही.

टोपीची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी शासनाने गावोगाव एक यंत्र द्यायला सुरुवात केली; तळसांगीला ते यंदा आलं. त्याचं नाव मनचित्रक, पण ते डोक्यावर घालायचं म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणत. सहा वर्षांच्या मुलाला टोपी घालायची आणि पडद्यावर एक अर्धवट प्रसंग दाखवायचा. म्हणजे एक पोर दुसऱ्याच्या हातातून चेंडू हिसकावतंय, एवढंच. पुढे काय होणार ते दाखवायचं नाही. पण मेंदू थोडाच थांबतो? तो पुढचं चित्र मनात काढतोच, आणि टोपी ते चित्र टिपून पडद्यावर उमटवते. पाटीवर ओल्या बोटाने काढावं तसं राखाडी, पुसट. कुठलं पोर रडतं, कुठलं आईला हाक मारतं, कुठलं चेंडू परत मागतं. आणि एखाद्याच्या चित्रात मूठ उगारलेली दिसते. तसं पाच वेळा दिसलं की लाल शेरा.

यामागचा विचार साधा होता. माणूस लहानपणापासून डोक्यात चित्रं साठवतो आणि त्या चित्रांप्रमाणे वागतो. आत मारण्याचं चित्र असेल तर पोर आज ना उद्या मारणारच. मग आधीच उपाय केलेला काय वाईट? लाल शेऱ्याच्या मुलांना तालुक्याच्या वर डोंगरावर शांतिवर्धन केंद्रात न्यायचं. चौदा वर्षांची होईपर्यंत.

आणि आता जे सांगायचं ते सांगायला जीभ रेटत नाही. चार महिन्यांपूर्वीच्या पहिल्या फेरीत तळसांगीतल्या सहा पोरांना लाल शेरा मिळाला होता, आणि त्यातला एक होता ईशान. सुतारबाईचा सख्खा नातू, तिच्या मुलीचा मुलगा. तिने स्वतः त्याला टोपी घातली होती. तिने स्वतः त्याला गाडीत बसवलं होतं, कारण गावाच्या पोरांना एक नियम आणि घरच्याला दुसरा, हे तिला जमण्यातलं नव्हतं. "आज्जी, मी काय केलं?" असं तो गाडीच्या काचेतून ओरडत होता. त्या दिवसापासून तिची मुलगी सायली तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

पहिल्या फेरीला गाव गप्प राहिलं होतं. पण नंतर चार महिने टीव्हीवर रोज उठून लाल पोरांच्या बातम्या. माणसं आपल्याच गल्लीतल्या पोरांकडे तिरक्या नजरेने बघायला लागली. दुसऱ्या फेरीत आणखी तिघं निघाली, त्यात रेवा. निरोप गुपचूप पूनमच्या फोनवर आला, पूनमने जावेला सांगितला आणि तासाभरात गावभर झाला. त्यात आदल्याच आठवड्यात माजी सरपंच बाजीराव खोत यांचा नातू झोपाळ्यावरून पडून त्याचा हात मोडला होता. आता सगळ्यांना एकाएकी आठवलं की झोपाळ्याजवळ रेवा होती. कुणी तिला ढकलताना पाहिलं होतं? कुणीच नाही. पण आठवलं खरं.

दिगंबरच्या डोक्याला सोळा टाके पडले आणि डावा कान कायमचा गेला. गावात पोलीस बसले. रेवासकट तिघांना गुरुवारच्या गाडीने न्यायचं ठरलं.

बुधवारी सकाळी शहरातून एक बाई आली. उंच, किडकिडीत, खांद्याला झोळी. डॉक्टर नसीम मुजावर. टोपीचं गणित ज्यांनी बसवलं त्यातली ती एक.

"सुतारबाई तुम्हीच ना? मला एक कळत नाही," तिने आल्या आल्या विषयाला हात घातला. "राज्यात शंभरात एखादं मूल लाल निघतं. तुमच्याकडं एक्केचाळीसात नऊ. असं कसं?"

ओट्यावर बाजीराव खोत बसलेच होते. "ह्या गावाच्या पान्यातच दोष हाय मॅडम. घिऊन जावा सगळी."

मुजावर मॅडमनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "चाचणी घेताना काय काय करता ते मला दाखवा. जसं करता तसंच."

सुतारबाईने नोंदवही काढली. तिची वही म्हणजे आरसा. मुलाचं नाव, वजन, उंची, चाचणीची वेळ, आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात काही वेगळं घडलं असेल तर तेही. मुजावर मॅडम एकेका नावावर बोट फिरवत गेल्या आणि मग त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे? 'मांडीवर घेतले'?"

"काही पोरं चुळबूळ करतात ना मॅडम. टोपी डोक्यावर ठरू देत नाहीत. मग मांडीवर घेऊन धरावं लागतं."

"पुस्तिकेत लिहिलंय, मूल बेचैन असेल तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी घ्या."

"आजचं पोर मी उद्यावर टाकत नाही," सुतारबाई जरा ताठ होऊन म्हणाली. "बत्तीस वर्षांत कधी टाकलं नाही."

मुजावर मॅडमनी वही बाईपुढे सरकवली. "हा शेरा कुणाकुणापुढं आहे, तुम्हीच वाचा."

सुतारबाई वाचू लागली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. सहावं नाव. ईशान. पुढे आणखी तीन. शेवटचं रेवा. लाल निघालेली नऊच्या नऊ. एक जास्त नाही, एक कमी नाही.

तिने भिंतीला हात टेकला.

"म्हणजे मी धरलं म्हणून?"

"बसा आधी," मुजावर मॅडम म्हणाल्या. त्यांनी मांडणीवरच्या दोन वाट्या घेऊन जमिनीवर पालथ्या ठेवल्या आणि एक मटकीचा दाणा घेतला. "आमच्या शास्त्रात एक जुना खेळ आहे. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर डावीकडच्या वाटीखाली खेळणं लपवायचं. बाळ ते काढतं. चार-पाच वेळा असंच. मग त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडच्या वाटीखाली लपवायचं. बाळ कुठं हात घालतं?"

"डावीकडं," सुतारबाई म्हणाली. तिने असल्या शेकडो बाळांना खेळवलं होतं.

"बरोबर. लोक म्हणायचे, बाळाच्या डोक्यात वस्तूचं चित्र अजून पक्कं नाही म्हणून चुकतं. पुढं कुणीतरी त्याच बाळाला बसलेलं होतं ते उभं केलं. कुणी मनगटांना जरा वजन बांधलं. आणि बाळ बरोबर वाटीकडं गेलं. आता सांगा, दोन मिनिटांत डोक्यातलं चित्र बदललं?"

"नाही. अंग बदललं."

"अंग बदललं. म्हणजे चूक डोक्यात भरून ठेवलेली नव्हतीच. हात, बसणं, आधीची सवय, समोरचं माणूस, या सगळ्यांतून ती त्या क्षणी तयार होत होती. विरजणात दही कुठं असतं हो? आणि दुधात तरी कुठं असतं? एकत्र आलं, ऊब मिळाली की होतं." त्यांनी वाट्या उचलल्या. "आमच्यात दोन पक्ष होते. एक म्हणायचा चित्रं आत असतात, दुसरा म्हणायचा ती घडतात. मी पहिल्या पक्षात होते. टोपी त्या विश्वासावर बनली. जी गोष्ट टोपी बघते ती आधीपासून तिथं होती, असं आम्ही धरूनच चाललो."

"आणि मी त्यांचे हात धरले."

"तुम्ही हात धरले. ज्याचे हात बांधलेत त्याच्या मनात दुसरं काय येणार, बाई?"

सुतारबाईने तोंड झाकून घेतलं. मग पदराने डोळे पुसले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मुलीला फोन लावला. सायलीने उचलला, बोलली नाही. बाईने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "माझ्या हातांनी झालं गं. त्याच्यात काही नव्हतं. माझ्याच हातांनी." मग सायली म्हणाली, "कधी आणायला जायचं?"

गुरुवारी दहाला केंद्राची गाडी आली, आणि तिच्याबरोबर सगळं गाव. काहींच्या हातात काठ्या होत्या. पोलीस दोन, त्यातला एक म्हातारा. रेवाला खोतांच्या दोन माणसांनी घरातून ओढून आणलं होतं, दोन्ही हात मागे पिरगळून. ती लाथा झाडत होती आणि ओठातून रक्त येत होतं. ते तिचं होतं की दुसऱ्याचं, कळत नव्हतं.

"सोडा तिला. चाचणी पुन्हा होणार," मुजावर मॅडमनी फेरचाचणीच्या हुकमाचा कागद पुढे केला.

"कशाला? समोर दिसतंय की!" खोत गरजले. "माझ्या नातवाचा हात मोडलाय हिनं!"

"आबा, तुमचा नातू झोपाळ्यावर उभा राहिला म्हणून पडला. त्यानंच मला सांगितलं," सुतारबाई म्हणाली. "तुम्ही विचारलंत का त्याला कधी?"

तेवढ्यात म्हाताऱ्या पोलिसाने रेवाला सोडवून घेतलं.

चाचणी अंगणवाडीच्या दारातच झाली, सगळ्यांदेखत. रेवाला पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं, हात मोकळे. अर्धा तास कुणी जवळ गेलं नाही. मग टोपी. पडद्यावर चेंडू हिसकावला गेला आणि राखाडी चित्र उमटलं. एक पसरलेला तळहात. चेंडू परत दे, म्हणणारा. पाचही वेळा तेच.

"आता मी धरते," सुतारबाई म्हणाली. "रेवा, एकदाच. मग कधीच नाही." तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि मनगटं धरली. पडद्यावरचा तळहात वळला, मिटला, मूठ झाली आणि वर गेली.

गर्दीत कुजबुज झाली. पण खोत हटणारे नव्हते. "पोरगी हाय तशीच हाय. तुम्ही नुसती तिची कळ दाबताय."

"बरं तर." सुतारबाईने रेवाला खाली उतरवलं, टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. "आबा, मी तुमच्या पोरांना भरवलंय. तुमची बायको गेली तेव्हा तुमच्या घरी तेरा दिवस भाकरी थापल्या. माझ्यात कधी काही वाईट बघितलंत?"

"न्हाई बा."

"मग या. माझे हात धरा. मघाशी रेवाचे धरले होते तसे."

खोतांनी इकडे तिकडे पाहिलं. माघार घ्यायची तर गावासमोर. ते पुढे झाले, त्यांनी एक मनगट धरलं, त्यांच्या माणसाने दुसरं धरून मागे पिरगळलं. बाईच्या खांद्यातून कळ निघाली. पडद्यावर चेंडू हिसकावला गेला.

चित्र उमटलं. दोन हात, हातांत दुधाचा कॅन. कॅन वर गेला आणि खाली आला, खाली एक पांढरी टोपी घातलेलं डोकं होतं, ते फुटलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. फुटून पार लगदा झालं तरी हात थांबत नव्हते.

खोतांनी आपल्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला हात लावला. त्यासाठी त्यांना बाईचं मनगट सोडावं लागलं. दुसऱ्याने आपण होऊन सोडलं. पडद्यावरचा कॅन पुसट झाला आणि गेला.

मग खोत मुजावर मॅडमना हळूच म्हणाले, "त्या दिवशी दिगंबरला आमी... ते कुणाच्या डोक्यात हुतं मग? माझ्या तर न्हवतं. देवाशपथ, घरातनं निघताना न्हवतं."

"एकाच्या डोक्यात नव्हतं, आबा. तुम्ही शंभरजण दारात जमलात तेव्हा तयार झालं," मुजावर मॅडम म्हणाल्या. "पण दिगंबरचा कान गेला तो गेलाच. त्याचा जबाब पोलिसांत द्यावा लागेल."

खोत ओट्यावर जाऊन बसले. गाडी तिन्ही पोरांना न घेता रिकामी निघाली, आणि तिच्या मागोमाग मुजावर मॅडमच्या जीपमध्ये सुतारबाई आणि सायली.

शांतिवर्धन केंद्राची इमारत स्वच्छ होती. भिंतींवर फुलपाखरं रंगवलेली. लांबच लांब खोलीत पोरं ओळीने खुर्च्यांवर बसलेली होती. चाळीसेक असतील, पण आवाज नाही. जवळ गेल्यावर सुतारबाईला दिसलं. प्रत्येकाची मनगटं खुर्चीच्या हातांना मऊ निळ्या पट्ट्यांनी बांधलेली होती.

"सुरक्षिततेसाठी," तिथली मदतनीस म्हणाली. "दर सोमवारी टोपी घालून बघतो आम्ही. पण काही फरक नाही हो. आली तेव्हा होतं त्याच्यापेक्षा वाढलंय उलट."

सायली भिंतीला टेकून खाली बसली. मुजावर मॅडमनी तळसांगीच्या सहाही पोरांच्या फेरचाचणीचा कागद दाखवला.

ईशान खिडकीजवळ होता. रोडावला होता. त्याने आज्जीकडे पाहिलं, पण चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"बाई, जपून. चावतो तो," मदतनीस म्हणाली.

"तुम्ही लांब व्हा. काही झालं तरी कुणी त्याला हात लावायचा नाही. सायली, तूसुद्धा नाही." सुतारबाईने दोन्ही पट्टे सोडले आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. आपले हात तिने स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले.

क्षणभर तो मोकळ्या मनगटांकडे बघत राहिला. मग झेपावला. पहिली बुक्की तिच्या डोळ्यावर बसली. दुसरी नाकावर, जे आठवड्यापूर्वीच फुटलं होतं. त्याने शेजारची स्टीलची ताटली उचलली आणि कडेने तिच्या कपाळावर मारली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. सायली ओरडली, मदतनीस पुढे सरकली. "थांबा!" बाई एवढंच म्हणाली. तिचे हात मांड्यांखाली वळवळत होते. बत्तीस वर्षांची सवय, असं पोर समोर आलं की ते आपोआप पुढे जायचे. तिने अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकला.

तो मारत राहिला. ताटली हातातून सुटली, मग नुसत्या मुठी, मग चापट्या. मग त्याला धाप लागली. तो थांबला आणि गोंधळून तिच्याकडे बघू लागला. काहीतरी व्हायचं राहिलंय, असं बघावं तसं. मग त्याने आपली दोन्ही मनगटं जुळवली आणि तिच्यापुढे धरली.

"आज्जी, धर ना," तो म्हणाला. "धरत का नाहीस?"

सुतारबाईने मांड्यांखालून हात काढले. मुंग्या आलेले, लाल झालेले. तिने ते तसेच जुळवले आणि त्याच्यापुढे केले.

"आज तू माझे धर," ती म्हणाली.

ईशानने धरले. गच्च धरले, नखं रुतेपर्यंत. सायली रडत रडत जवळ येऊन बसली. बाईच्या भुवईतून रक्त पदरावर ठिबकत होतं, एक डोळा सुजून मिटला होता. मदतनीस कापूस घेऊन आली आणि उभीच राहिली. त्याने आपण होऊन सोडेपर्यंत सुतारबाई जागची हलली नाही.